नॉर्मलची नळी

“ये ट्यूब किसका है गे?” दीपमालानं विचारलं. तिच्यासोबत काम करणाऱ्या फरहानानं नुसती नळी फिरवून तिच्यावरची पट्टी समोर धरली. पट्टीवर दीपमालाचंच नाव होतं आणि अक्षरही तिचंच होतं.

टेबलावर दोन प्लेटा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एकीत जुनी अँटिबॉडी, म्हणजे लाळेतलं रसायन ओळखून धरणारं प्रथिन, दुसरीत नवी. दोन्हींच्या खळग्यांत त्याच माणसांची, त्याच सकाळची लाळ. बाकी सगळ्यांचे खळगे दोन्हीकडं सारखे पिवळे आले होते. एकट्या दीपमालाचा खळगा जुन्या प्लेटीत पाण्यासारखा फिका होता आणि नव्या प्लेटीत हळदीसारखा गडद. या चाचणीत रंग उलटा बोलतो. फिका म्हणजे लाळेत कॉर्टिसॉल भरपूर, गडद म्हणजे जवळपास नाहीच. म्हणजे एक अँटिबॉडी म्हणत होती, या बाईच्या अंगात कॉर्टिसॉल उतू चाललंय. दुसरी म्हणत होती, या बाईच्या अंगात त्याचा पत्ताच नाही. आणि बाई तर टेबलाशी धडधाकट उभी होती.

दीपमाला हैदराबादेत उप्पलच्या एका लहानशा कंपनीत होती. लाळेतलं कॉर्टिसॉल मोजायचं किट तिथं बनायचं. कॉर्टिसॉल हे आपल्या शरीरानं आपणच तयार केलेलं रसायन. सकाळी अंथरुणातून उठवतं, ताप आला, मार बसला की माणसाला तगवून धरतं. रेणू एवढासा, आणि त्याच्यासारखी दिसणारी भावंडं ढीगभर. बाजारात गर्दीत आईसारखंच लुगडं दिसलं की पोर भलत्याच बाईचा पदर धरतं ना, अँटिबॉडीचंही तसंच होतं. दीपमालाचं काम म्हणजे तिला मुद्दाम फसवून बघायचं. एकेक सारखं दिसणारं रसायन तिच्यापुढं टाकायचं आणि ती चुकते का ते पाहायचं. सगळ्यात लबाड भावंड म्हणजे प्रेडनिसोलोन. ते शरीरात बनत नाही, औषधाच्या गोळीतून येतं. जुनी अँटिबॉडी त्याला हटकून भुलायची. नवी भुलत नव्हती. तिच्यामागं दीपमालानं दोन वर्षं घालवली होती आणि लवकरच कंपनीच्या प्रमुख सुजाता मॅडमना ती दाखवायची होती.

आता अशा तपासणीला धडधाकट माणसांची लाळ लागते. ती कुठून आणायची? सगळ्याच कंपन्यांत जे करतात तेच इथंही. सकाळी आल्या आल्या, चहाच्या आधी, चुळा भरून सगळ्यांनी एकेका नळीत थुंकायचं. त्या नळ्यांच्या रॅकवर ‘नॉर्मल’ अशी पट्टी होती. रॅक घेऊन फिरायचं काम दीपमालाचं. प्रत्येकापुढं नळी धरताना ती एकच विचारायची, “दवा-गोली कुछ?” कुणी सर्दीची गोळी घेतली म्हटलं की नळी परत घ्यायची, मग तो माणूस कितीही गयावया करो. तिला सगळे पोलीसच म्हणायचे. शेवटची नळी तिची स्वतःची असे, आणि तो प्रश्न ती स्वतःला विचारत नसे.

तिनं तपासणी पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशीची ताजी लाळ घेऊन आणखी एकदा लावली. तेच आलं. फरहानाला वाटलं नवी अँटिबॉडी कुठंतरी गचकली असेल. पण मग बाकीच्यांचे आकडे का जुळत होते? दोन वर्षांची मेहनत आपल्याच थुंकीनं बुडवली असं दीपमालाला वाटायला लागलं.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता फरहाना हळूच म्हणाली, “दीपा, बुरा नक्को मानो. तुम कुछ दवा लेरे क्या?”

“नक्को गे. मैं और दवा?” दीपमाला हसली. “काका की पुडी है बस. वो तो झाडपाला है.”

बोलून गेली आणि घास तिच्या हातातच राहिला. फरहानानं मान खाली घातली आणि भातात डाळ कालवत बसली.

ही पुडी म्हणजे नामदेवरावांची. दीपमालाचे वडील भिवाजी आणि नामदेवराव एकाच गावचे, देगलूरकडचे. दोघं मिळून हैदराबादला आले. भिवाजी सिकंदराबादला रेल्वेच्या मालधक्क्यावर लागले आणि नामदेवराव विद्यानगरमध्ये एका डॉक्टरकडं कंपाउंडर. दीपमाला दहावीत असताना भिवाजी गेले. चुलते म्हणाले, पोरीचं लग्न उरका. तेव्हा नामदेवराव दारात आडवे उभे राहिले, पोरगी सायन्स घेईल म्हणाले. कॉलेजात नाव घालायला तेच सोबत आले. मापाच्या ग्लासातलं औषध वाचताना डोळा पाण्याच्या रेषेशी न्यायचा, वरून बघायचं नाही, हे तिला कुठल्या प्राध्यापकानं नाही शिकवलं. डॉक्टर राउंडला गेले की दवाखान्याच्या मागच्या खोलीत नामदेवरावांनी शिकवलं. तिच्या लग्नात बापाच्या जागी तेच उभे होते.

म्हातारपणी दवाखाना सुटला आणि नामदेवराव नल्लकुंट्याच्या घरी पुड्या बांधायला लागले. सांधेदुखीची तपकिरी भुकटी, सुंठीच्या वासाची, जिभेला कडू. गावाकडची मुळी आहे, स्वतः खलात कुटतो म्हणायचे. छदाम घेत नसत. ज्या माणसाला डॉक्टरानं जन्मभर “ए नामदेव” म्हणून हाक मारली, त्याला आता विहारात लोक वाट करून द्यायचे, “जयभीम डॉक्टरसाहेब” म्हणायचे. बायाबापड्या तर पायाच पडायच्या. दीपमालाच्याच घरी राहणारी तिची आई सरूबाई त्यातलीच एक. गुडघ्यांपायी जिना चढणं सोडलेली बाई पुडीवर पुन्हा भाजीमंडईत जायला लागली होती.

दीपमालाचा अंगठा आखडला तेव्हाही असंच झालं. सकाळी बोटं वळेनात, थेंब मोजून सोडायच्या पिपेटचं बटण दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. पिपेट म्हणजे तिचं पोट. अंगठा गेला की नोकरी गेली. ती कुणाला सांगत नव्हती, पण नामदेवरावांनी जयभीम घालताना जुळलेल्या हातांवरून ओळखलं. पुड्या दिल्या आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “लेकीसाठी निराळी बांधलीय. रोज सकाळी घे, एक दिवसही चुकवू नकोस.” आठवड्यात अंगठा उठला. वर्षात गाल भरले, तोंड गोल झालं. शेजारणी म्हणायच्या, आता कुठं अंगाला लागलंय बाईच्या. नवरा रवी चेष्टा करायचा, सासरचं पाणी मानवलं म्हणून. दंडावर उगाच काळेनिळे डाग उठायचे, साखर वाढली होती. वय झालं, असं ती म्हणायची. एकदा धम्मचक्र दिनाला नागपूरला जाताना पुड्या घरीच राहिल्या, तर ती तिथं गळून पडली होती, ओकाऱ्या झाल्या होत्या. परत आल्यावर नामदेवराव केवढे चिडले. पुडी का चुकवलीस म्हणून तिला आणि रवीला दोघांनाही बोलले. तिला तेव्हा त्यांच्या रागाचं कौतुक वाटलं होतं. बाप असता तर असाच रागावला असता, असं तिनं रवीला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं एक पुडी प्रयोगशाळेत आणली. चिमूटभर भुकटी स्पिरिटात ढवळली, पाणी घालून पातळ केली आणि दोन्ही प्लेटांत टाकली. आपण काय करतोय हे तिनं फरहानाला सांगितलं नाही. रंग यायला वेळ लागतो. एरवी त्या वेळात ती नळ्या धुऊन घ्यायची. त्या दिवशी हात मांडीत घेऊन बसून राहिली. काही निघू नये असं तिला फार वाटत होतं.

जुन्या प्लेटीतला खळगा पांढराफटक राहिला. नव्या प्लेटीतला गडद पिवळा झाला. नवी अँटिबॉडी भुलली नव्हती. पुडीत कॉर्टिसॉल नव्हतं, त्याचं भावंड होतं.

सुजाता मॅडमना सांगावंच लागलं. त्यांनी ओळखीच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत भुकटी पाठवली. तिथल्या यंत्रानं नावच सांगितलं: प्रेडनिसोलोन, आणि तेही चांगलं सज्जड. बाईंना दीपमालाची काळजी वाटली हे खरं, पण नव्या अँटिबॉडीला याहून चांगला पुरावा मिळणार नाही, हेही त्या बोलून गेल्या. मग स्वतःच ओशाळल्या आणि तिला डॉक्टरकडं घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी हाताचा एक्स-रे काढायला लावला आणि तो उजेडात धरून पाहिला. दुखणं वाताचं होतं, सांधे खाणारं. वेळेवर खरं औषध मिळालं असतं तर थांबलं असतं. पुडीनं दुखणं थांबवलं नव्हतं, नुसती ओरड बंद केली होती; आत अंगठ्याचा सांधा झिजत राहिला होता. आणि रोज बाहेरून आयतं मिळत गेल्यामुळं शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचंच विसरलं होतं. म्हणून पुडी एकदम बंद करायची नाही, असं बाईंनी बजावलं. तेच औषध गोळीनं मोजून घ्यायचं आणि महिनोन्महिने थोडं थोडं उतरवत न्यायचं. एकदम सोडलं तर साध्या तापातसुद्धा माणूस जाऊ शकतो. आणखी कुणी ही पुडी घेतंय का, असं त्यांनी विचारलं. दीपमालाच्या डोळ्यांपुढं सगळा विहार उभा राहिला.

तिला नागपूर आठवलं. “एक दिवसही चुकवू नकोस.” म्हणजे त्यांना माहीत होतं.

ती तडक नामदेवरावांकडं गेली. ते पडवीत पेपर वाचत बसले होते. कुसुमकाकूंनी आतून चहा आणला. एका हातात कप, दुसरा हात भिंतीला. काकूंचा गुडघा कित्येक वर्षं असाच होता. साऱ्या नल्लकुंट्याचे सांधे बरे करणाऱ्याची बायको भिंत धरून चालते, यावर लोक थट्टा करायचे. नामदेवराव हसून म्हणायचे, हिचा माझ्या औषधावर विश्वास नाही. काकू कप ठेवून आत गेल्या.

“काका, पुडीत काय घालता?”

“सुंठ, अश्वगंधा, गावाकडची मुळी. तुला ठाऊक नाही होय?”

“आणि?”

त्यांनी पेपराची घडी घातली. ती नीट व्हावी म्हणून पुन्हा उलगडून घातली. दीपमालानं गोळीचं नाव घेतलं. चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेला माणूस. त्याला त्या नावाचा अर्थ सांगायची गरज नव्हती.

“तुझा अंगठा उठत नव्हता, दीपा,” ते म्हणाले. “नोकरी चालली होती तुझी. उठला का नाही अंगठा?”

“उठला.”

“मग?”

“मग मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर घेतली असतीस?”

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप. तो गिळून तिनं त्यांना समजावलं. कोण कोण किती पुड्या घेतं ते फक्त त्यांनाच ठाऊक. डॉक्टरीणबाई विहारात यायला तयार आहेत. एकेकाला बसवून, तपासून, हळूहळू उतरवायचं. कुणाचीही पुडी एकदम तोडायची नाही. एवढं केलंत तर मी कुठं तक्रार करणार नाही, असंही ती म्हणाली.

नामदेवराव मान हलवत म्हणाले, “पुनवेला वंदनेनंतर मी सांगतो. माझ्या तोंडानं सांगू दे. तोवर कुणाला बोलू नको, सरूबाईलाही नको. एवढी इज्जत ठेव म्हाताऱ्याची.”

तिनं ठेवली. पुनव चार दिवसांवर होती. आईला ती रोज सकाळी पुडी घेताना बघत होती आणि गप्प बसत होती. रवीला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, माणूस घसरला पण कबूल तरी करतोय, हे काय कमी आहे? तिलाही तसंच वाटत होतं. त्यांना सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागणार म्हणून तिचा जीव थोडा थोडा झाला होता. खरं सांगायचं तर तिनं त्यांना मनातून अर्धंअधिक माफही करून टाकलं होतं.

पौर्णिमेला विहार भरला होता. वंदना झाली, खीर वाटायची होती. नामदेवराव उठले. पांढरा सदरा, हात जोडलेले. आवाज असा कातर की मागच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले.

“दीपमाला मला लेकीसारखी,” त्यांनी सुरुवात केली. “भिवाजीच्या माघारी मी तिला वाढवली, शिकवली. आज तिच्या कंपनीनं माझ्या पुडीवर संशय घेतलाय. मी गोळ्या मिसळतो म्हणे. आता या वयात मला कोर्टकचेरी झेपायची नाही. माझ्याजवळ होती नव्हती ती सगळी भुकटी मी मोरीत ओतली. आजपासून पुडी बंद. आजवर सेवा केली, चुकलं माकलं पोटात घाला.”

आणि ते खाली बसले. थोडं थोडं उतरवण्याचा, डॉक्टरीणबाईंचा, गोळीचा एक शब्द नाही.

सगळ्या माना दीपमालाकडं वळल्या. पहिली बोलली ती तिची आई. “तुझा अंगठा बरा झाला,” सरूबाई सगळ्यांच्या देखत म्हणाली. “आमचे गुडघे काऊन मोडलीस गं?”

दीपमालाला तोंडात मारल्यासारखं झालं. ती उठली आणि सांगायला लागली, पण शब्द उलटसुलट पडत होते. पुडीत औषध आहे, ते वाईट आहे, पण एकदम सोडू नका, सोडलं तर जीव जाईल. मागून कुणीतरी हसलं. आधी विष म्हणती, मग खा म्हणती, असं काहीतरी ऐकू आलं. शिकून पोरगी मोठी झाली ती कुणामुळं, हेही कुणी तरी काढलं. तिनं नामदेवरावांकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. त्यांना ठाऊक होतं की ती खरं बोलतेय. तिथं बसलेल्या सगळ्यांत ते कळणारा दुसरा माणूस तो एकच होता, आणि त्यानं डोळे मिटून घेतले होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला हालचाल झाली. कुसुमकाकू भिंत धरून उभ्या राहत होत्या. त्या विहारात कधी बोलल्या नव्हत्या. खाली बसलं की उठवत नाही म्हणून त्यांना दाराशी खुर्ची देत, आणि त्या मुकाट बसून राहत.

“पोरगी खरं बोलतीय,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण मागपर्यंत पोचला.

“कुसुम, बस खाली,” नामदेवराव म्हणाले.

“मला नाही दिली कधी पुडी,” काकू त्यांच्याकडं न बघता बोलत राहिल्या. “गुडघा सुजून भोपळा व्हायचा. मागितली तर म्हणायचे, तुला नको ती, तू शेक घे. तुम्ही सगळे म्हणायचा, माझा विश्वास नाही म्हणून. मी कितींदा मागितली. जगाला देतात अन् मला देत नाहीत म्हणून मी रडलेय. मला वाटायचं, मी यांची कुणीच नाही.”

मग नुसतं “आता कळलं,” एवढंच म्हणून त्या खुर्चीवर टेकल्या.

दीपमालालाही तेव्हाच कळलं. विहारात तिच्याबद्दल जे काही बोललं गेलं त्यातलं काही तिला इतकं लागलं नाही. लेक म्हणून निराळी पुडी बांधली, डोक्यावर हात ठेवला, चुकवली म्हणून रागावले, ते सगळं खरं धरून ती इतकी वर्षं स्वतःला त्यांची समजत होती. आणि जिला त्यांनी खरंच आपली मानलं, तिला पुडीला हातही लावू दिला नव्हता. आपलं कोण आणि परकं कोण, याची त्या माणसाला अचूक ओळख होती. तिथं त्याची एकदाही चूक झाली नव्हती.

खीर तशीच राहिली. लोक उठायला लागले, पण बाहेर कुणी जात नव्हतं. सरूबाईनं कमरेचा बटवा सोडला, आतली उरलेली पुडी काढली आणि लेकीच्या हातात दिली. काय करायचं ते सांग, म्हणाली. मग एक एक बाई पुढं आली. नामदेवराव चपला शोधत होते. नेहमी कुणी ना कुणी त्या त्यांच्या पायापुढं आणून ठेवायचं. आज त्यांना स्वतः वाकून ढिगातून काढाव्या लागल्या. डॉक्टरीणबाई दुसऱ्याच दिवशी आल्या आणि दीपमालानं त्यांना घरोघर नेऊन सगळ्यांना तपासून घेतलं. नामदेवराव त्याआधीच गावाकडं निघून गेले होते. काकू गेल्या नाहीत.

सोमवारी दीपमाला कामावर गेली. नवी अँटिबॉडी मंजूर झाली होती. सुजाता मॅडमनी पेढे मागवले होते. दीपमालानं नेहमीसारखा नॉर्मलचा रॅक उचलला आणि फिरायला लागली. “दवा-गोली कुछ?” नाही, नाही, नाही. फरहानानं नळी भरून दिली. तिचं टोपण लावताना दीपमालाच्या अंगठ्यातून कळ आली, पुडीच्या आधी यायची तशी, आणि टोपण खाली पडलं. फरहानानं ते उचललं, नवं लावलं आणि नळी रॅकमध्ये ठेवली.

शेवटची नळी उरली. पट्टीवर दीपमालानं नेहमीच्या सवयीनं आधीच आपलं नाव लिहून ठेवलं होतं. तिनं ती नळी उचलून स्वतःपुढं धरली.

“दवा-गोली कुछ?” तिनं हळू आवाजात विचारलं.

फरहानानं वर पाहिलं.

“हौ,” दीपमाला म्हणाली. तिनं नखानं पट्टी सोलून काढली, कोरी नळी डब्यात परत ठेवली आणि रॅक घेऊन आत गेली.